एका पायमोज्यापासून सुरुवात : धाग्याच्या कला आणि वस्त्रांचा इतिहास ऑनलाइन कसा शिकावा

इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या प्राचीन शहराच्या दफनभूमीत लाल लोकरीच्या पायमोज्यांचा एक जोड सापडला. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतो. काळ साधारण इ. स. २५० ते ४२०. अंगठ्याला वेगळा कप्पा आणि उरलेल्या चार बोटांना वेगळा, म्हणजे सँडलचा पट्टा मधल्या फटीतून जाईल. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मी खात्रीने म्हणाले, "हे तर स्वेटरसारखं दोन सुयांवर विणलंय."

तसे नव्हते. तो जोड एकाच सुईने, तिच्या नेढ्यात दोरा ओवून, फासात फास अडकवत केलेला आहे. या पद्धतीला नालबाइंडिंग म्हणतात आणि ती दोन सुयांवरच्या विणकामाहून कितीतरी जुनी आहे. दिसायला जवळपास सारखी, करायला पूर्ण वेगळी. हा फरक फोटोत कसा ओळखायचा, तो कोणी कसा शोधला, या प्रश्नांच्या मागे जाता जाता मी वस्त्रांच्या इतिहासात शिरले ती अजून बाहेर आलेली नाही.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हे की इतिहासापासून सुरुवात करू नका, एका वस्तूपासून करा. 'वस्त्रांचा इतिहास' असे शोधले की चरखा, माग, वाफेचे इंजिन, गिरण्या असा सगळा पट एकदम अंगावर येतो आणि आठवड्याभरात उत्साह मावळतो. एक पायमोजा, एक गोधडी किंवा एक फाटका छापील तुकडा मात्र तुम्हाला बोट धरून नेतो.

पहिली पायरी : वस्तू निवडा

शोधायला जागा भरपूर आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याकडच्या स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींची छायाचित्रे सर्वांना मुक्तपणे वापरायला दिली. स्मिथसोनियन संस्थेने २०२० मध्ये तसेच पाऊल उचलले आणि सुरुवातीलाच अठ्ठावीस लाखांच्या आसपास प्रतिमा खुल्या केल्या. नेदरलँड्समधल्या लायडन गावचे टेक्स्टाइल रिसर्च सेंटर हे तर वस्त्रांनाच वाहिलेले आहे. त्यांच्या ऑनलाइन संग्रहात रोजच्या वापरातले कपडे, भरतकाम, साधने, सगळे सापडते आणि भरतकामावरचा त्यांचा ऑनलाइन कोश नवख्यांना फार उपयोगी पडतो. गोधड्या आणि रजयांमध्ये रस असेल तर अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातून चालणारा क्विल्ट इंडेक्स बघा.

निवडताना दोनच गोष्टी तपासा. वस्तूचे एकाहून अधिक फोटो असावेत आणि त्यातला एखादा अगदी जवळून घेतलेला असावा. शिवाय नोंदीत साहित्य आणि तंत्र दिलेले असावे. ज्या नोंदीत नुसते 'कापड, एकोणिसावे शतक' एवढेच लिहिले आहे ती कितीही सुंदर दिसली तरी पहिल्यांदा घेऊ नका. तिथे धरून पुढे जायला काही नसते.

पिंटरेस्टवरून वस्तू निवडू नका, असेही मी आग्रहाने सांगेन. 'वायकिंगांचे विणकाम' असे लिहिलेल्या एका फोटोवर मी दोन महिने टिपणे काढली. शेवटी तो फोटो उलट शोधाला टाकला तेव्हा कळले की ती वस्तू वायकिंगांची नव्हतीच, आजच्या एका कारागिराने केलेली पट्टी होती. कुठलाही फोटो आवडला की आधी गूगल लेन्स किंवा टिनआय वापरून तो मुळात कुठून आला याचा छडा लावा. संग्रहालयाची नोंद हाती लागेपर्यंत त्या फोटोवर एक ओळही लिहू नका.

दुसरी पायरी : नोंद वाचायला शिका

संग्रहालयातली नोंद फोटोखालच्या ओळीसारखी वाचली तर तिचा उपयोग होत नाही. ती सातबाऱ्यासारखी एकेक रकाना घेऊन वाचायची असते.

नोंदणी क्रमांक सर्वांत महत्त्वाचा. वर सांगितलेल्या लाल पायमोज्यांच्या क्रमांकाच्या शेवटी १९०० आहे, म्हणजे ते त्या वर्षी संग्रहालयात दाखल झाले. क्रमांक टिपून ठेवलात तर संकेतस्थळाची मांडणी बदलली, पत्ता बदलला तरी वस्तू पुन्हा सापडते. नुसत्या खुणा करून ठेवलेली पाने मात्र काही वर्षांत उघडेनाशी होतात. माझी एक अख्खी यादी अशीच गेली.

मग काळ. काळाच्या आधी 'सुमारे' लिहिले असेल तर ते अनुमान आहे. 'कार्बनद्वारे कालनिश्चिती' असे लिहिले असेल तर प्रयोगशाळेत तपासणी झाली आहे. दोन्हींचे वजन सारखे धरू नका. ठिकाणाच्या रकान्यात एक गोम असते: कापड सापडले कुठे आणि तयार झाले कुठे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापड फार फिरते. इजिप्तमध्ये सापडलेले कापड इजिप्तमध्येच तयार झाले असेल असे गृहीत धरले की पुढचे सगळेच चुकते. याचे एक सुंदर उदाहरण लगेच पुढे येते.

मोजमापे वगळून पुढे जाऊ नका. पडद्यावर सगळे एकाच आकाराचे दिसते. रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयातला पाझिरिक गालिचा १९४९ मध्ये सायबेरियाच्या अल्ताई पर्वतातल्या गोठलेल्या थडग्यात सापडला. तो इ. स. पूर्व पाचव्या-चौथ्या शतकातला. त्याची लांबी-रुंदी दोन मीटरच्या आसपास आहे आणि दर चौरस डेसिमीटरमध्ये सुमारे ३,६०० गाठी आहेत. स्वतःचा तळहात कागदावर ठेवून दहा सेंटिमीटरचा चौकोन आखा आणि त्यात ३,६०० गाठी मारायच्या आहेत अशी कल्पना करा. आकडा मग आकडा राहत नाही.

तिसरी पायरी : फोटो मोठा करा आणि धागा बघा

इथे वेळ घालवा. बाकी सगळ्या पायऱ्यांना मिळून जितका वेळ द्याल तितका एकट्या या पायरीला द्या.

फोटो जास्तीत जास्त मोठा करा आणि एकच धागा शोधा. तो उभा धरला आहे असे समजा. त्याच्यावर पिळाच्या तिरक्या रेषा दिसतात. त्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे उतरत असतील तर तो 'एस' पीळ, कारण रोमन लिपीतल्या एस अक्षराचा मधला भाग तसाच उतरतो. वरच्या उजवीकडून खालच्या डावीकडे येत असतील तर 'झेड' पीळ. टकळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की झेड पीळ पडतो, उलटी फिरवली की एस. नोंदींमध्ये आणि शोधनिबंधांमध्ये ही दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात.

एवढ्याशा तिरक्या रेषेने काय कळते? ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात न्यूबेरी संग्रह आहे. इजिप्तमध्ये मिळालेले ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे बाराशेच्या आसपास तुकडे त्यात आहेत आणि ते ऑनलाइन बघता येतात. फाटलेले, विटलेले, काही तर तळहाताएवढे. हे कापड समुद्रमार्गे भारतातून, मुख्यतः गुजरातमधून गेलेले. ते भारतीय ठरवताना नक्षी, ठसे, रंगवण्याची रीत असे बरेच काही पाहिले गेले. पण धाग्याच्या पिळाचीही साक्ष काढतात: प्राचीन इजिप्तमध्ये धागा बहुधा एस पिळाचा कातत, भारतीय सूत मात्र झेड पिळाचे. कातणाऱ्या बाईच्या बोटांची सवय शेकडो वर्षांनी कापडाचे गाव सांगते. मला हे कळले त्या रात्री मी न्यूबेरी संग्रहातले तुकडे एकामागून एक उघडत बसले आणि प्रत्येकात ती तिरकी रेघ शोधली. पीळ हा पुरावा नाही, खूण आहे, हे मात्र ध्यानात असू द्या. एका खुणेवर निकाल द्यायचा नसतो. शिवाय फोटो कधी कधी चुकून आरशातल्यासारखा उलटा छापला जातो आणि तेव्हा एसचा झेड होतो.

पीळ दिसू लागला की ताणा आणि बाणा वेगळे करायला शिका. मागावर आधी ताणून बसवलेले उभे धागे म्हणजे ताणा आणि धोट्यातून आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. तुकड्यात ताणा कोणता हे ओळखायची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे काठ. बाणा जिथून वळून परत येतो ती कडा सापडली की तिला समांतर जाणारे धागे ताण्याचे. मग वीण बघा. एक वर, एक खाली असे सरळ चालले असेल तर साधी वीण. पृष्ठभागावर तिरके पट्टे उमटले असतील तर ट्विल. जीन्सचे कापड डोळ्यांजवळ धरा म्हणजे तिरकी रेघ लगेच दिसेल. धागे लांब लांब तरंगत गेले आणि कापड चकाकत असेल तर सॅटिन.

रंग बघताना मन थोडे साशंक ठेवा. युरोपातल्या जुन्या विणलेल्या भिंतपटांमध्ये झाडांची पाने निळी दिसतात. विणणाऱ्यांनी ती निळी केलेली नव्हती. पिवळ्यावर निळा चढवून हिरवा रंग केला जाई. उजेडाने पिवळा उडाला आणि निळा राहिला. मागच्या बाजूचा फोटो दिलेला असेल तर तो जरूर उघडा, तिथे रंग बहुधा ताजा सापडतो. रंगावरून काळाचाही अंदाज येतो. विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने १८५६ मध्ये मॉव्ह हा कृत्रिम जांभळा रंग तयार केला. त्यामुळे एखाद्या कापडात असा कृत्रिम रंग सापडला तर ते त्याआधीचे असणे शक्य नाही.

चौथी पायरी : शब्दांची वही

फ्रान्समधल्या बायो गावची प्रसिद्ध 'बायो टॅपेस्ट्री' घ्या. अकराव्या शतकातली, जवळजवळ ७० मीटर लांब. संग्रहालयाने ती पूर्ण ऑनलाइन ठेवली आहे. पडदा सरकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता येते. नावात टॅपेस्ट्री आहे, पण ती टॅपेस्ट्री नाही. टॅपेस्ट्रीत चित्र मागावर विणतानाच तयार होते. इथे लिननच्या तयार कापडावर लोकरीच्या दोऱ्याने भरतकाम केले आहे. फोटो मोठा केलात तर टाके स्पष्ट दिसतात, आणि दोन टाक्यांच्या मध्ये मोकळे कापडही.

नाव एक आणि काम दुसरे, असे या क्षेत्रात पदोपदी घडते. त्यासाठी एक वही करा. प्रत्येक शब्दासमोर नुसता अर्थ लिहू नका. तो शब्द जिला लागू पडतो अशा एका वस्तूचा नोंदणी क्रमांकही लिहा. शब्दाचा नेमका अर्थ बघायला गेटी संस्थेचा कला आणि स्थापत्याचा शब्दकोश ऑनलाइन मोफत आहे. त्यात एका शब्दाखाली त्याची वेगवेगळी रूपे आणि वरचे-खालचे प्रकार दिलेले असतात.

ही रूपे शोधताना फार कामी येतात. आपण ज्याला चीट म्हणतो ते छापील किंवा कलमाने रंगवलेले सुती कापड इंग्रजी नोंदींत 'चिंट्झ' या नावाने सापडते, डचांकडे 'सिट्स' आणि फ्रेंचांकडे 'अँदिएन', म्हणजे 'भारतीय'. अॅमस्टरडॅमच्या रेइक्सम्यूझियमच्या संग्रहात डच शब्द घालून बघा, वेगळ्याच गोष्टी वर येतात. या कापडाची युरोपाला अशी चटक लागली की तिथल्या विणकरांनी ओरड केली आणि फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. एवढा इतिहास एका शब्दाच्या तीन रूपांमागे उभा आहे.

हाताने करून बघणाऱ्यांसाठी शब्दांचा आणखी एक सापळा आहे. क्रोशाच्या नमुन्यात अमेरिकेत ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये 'डबल क्रोशे' म्हणतात. नमुना कुठला आहे हे न बघता सुरू केलात तर आकार भलताच येतो. विणकामाच्या सुयांच्या जुन्या ब्रिटिश क्रमांकांचेही तसेच: क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक.

पाचवी पायरी : अभ्यासकांनी काय लिहिले ते वाचा

शोधनिबंध हा शब्द ऐकून घाबरू नका. पहिला निबंध मी सुचवते. ब्रिटिश संग्रहालयात इजिप्तमधल्या अँटिनोपोलिस या ठिकाणचा एका लहान मुलाचा डाव्या पायाचा पट्ट्यापट्ट्यांचा पायमोजा आहे, सुमारे इ. स. ३०० चा. आपल्या लाल जोडाचाच भाऊबंद. २०१८ मध्ये संग्रहालयातल्या वैज्ञानिकांनी वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात त्याचे फोटो काढले आणि रंग ओळखले. फक्त तीनच वनस्पती निघाल्या: लालसाठी आपल्या मंजिष्ठेच्या कुळातली मॅडर, निळ्यासाठी वोड, पिवळ्यासाठी वेल्ड. या तिघींची मिसळण करून सात रंगछटांचे पट्टे काढलेले. प्लॉस वन या नियतकालिकात तो निबंध कोणालाही मोफत वाचता येतो.

वाचायची रीत अशी: आधी सारांश, मग सगळी चित्रे आणि त्यांखालच्या ओळी, मग निष्कर्ष. मधली रसायनशास्त्राची पाने पहिल्या वाचनात सोडून द्या. शेवटच्या संदर्भसूचीतून दोनच नावे उचला आणि ती शोधा. तुमची पुढची दोन वाचने ठरली.

टेक्स्टाइल सोसायटी ऑफ अमेरिका दर दोन वर्षांनी परिषद भरवते. त्यांतले निबंध नेब्रास्का विद्यापीठाच्या डिजिटल भांडारात मोफत आहेत आणि बरेचसे सोप्या भाषेत लिहिलेले आहेत. जेस्टोर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन भांडारावर नोंदणी केली की दर महिन्याला ठरावीक लेख पैसे न भरता वाचता येतात.

जुनी पुस्तके

इंटरनेट आर्काइव्हवर साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संग्रहातली एकोणिसाव्या शतकातली विणकामाची छोटी छोटी हस्तपुस्तके आहेत. मागावरच्या विणीसाठी अॅरिझोना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जुन्या पुस्तकांचा आणि नमुन्यांचा मोठा साठा आहे. तो उभा करणारे राल्फ ग्रिसवोल्ड हे मुळात संगणकशास्त्रज्ञ. त्यांना यात रस वाटावा हे नवल नाही. १८०४ च्या जकार्ड मागात भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कोणता उभा धागा उचलायचा हे ठरवत. भोक आहे किंवा नाही, एवढ्यावर सगळी नक्षी.

एका जुन्या ग्रंथाबद्दल मात्र थांबून सांगायला हवे. जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये भारतीय कापडाच्या नमुन्यांचे १८ खंड तयार केले. त्यात ७०० नमुने आहेत. चित्रे नाहीत, खरे कापड. लंडनच्या इंडिया म्युझियममधले कापड कापून त्याचे तुकडे चिकटवले. असे २० संच केले. १३ ब्रिटनमध्ये ठेवले, ७ भारतात पाठवले. हेतू उघड होता: ब्रिटिश कारखानदारांनी नमुने पाहावेत आणि भारतात खपेल असे कापड काढावे. प्रत्येक नमुन्याबरोबर मूळ कापडाची लांबी, रुंदी, वजन दिलेले आहे. प्रेस्टनच्या हॅरिस संग्रहालयातल्या संचाचे डिजिटल रूप केले गेले आहे. हे खंड बघताना दोन्ही गोष्टी एकदम मनात येतात. नष्ट झाले असते असे कापड इथे टिकले, आणि ते टिकले कारण ज्यांनी ते विणले त्यांचीच बाजारपेठ कोणाला तरी हवी होती. जुनी पुस्तके वाचताना ती कोणासाठी आणि कशासाठी लिहिली हे विचारायची सवय मला या खंडांनी लावली.

सहावी पायरी : हाताने करून बघा

फोटो बघून डोळे तयार होतात, पण काही गोष्टी हाताला धागा लागल्याशिवाय कळत नाहीत.

एक जाड पुठ्ठा घ्या. वरच्या आणि खालच्या कडेला अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडा. मजबूत सुती दोरा वर-खाली गुंडाळा. हा झाला ताणा. बोथट सुईत लोकर ओवून एक वर, एक खाली अशी चालवा. परतताना उलट. दहा-बारा ओळींनंतर थांबून बघा. कापडाची कंबर आत गेलेली असेल. प्रत्येक वेळी बाणा सरळ ओढून घेतल्यामुळे कडेचे धागे आत खेचले जातात. उपाय सोपा आहे: बाणा ताणून न घेता कमानीसारखा सैल ठेवा आणि मग काट्याने किंवा फणीने खाली दाबा. आता पुन्हा एखाद्या जुन्या कापडाच्या काठाचा फोटो उघडा. सरळ रेषेत गेलेला काठ बघून तुमच्या तोंडून आपोआप 'वा' निघेल, कारण तो तसा राखायला काय लागते ते तुमच्या बोटांना माहीत झालेले असते.

नालबाइंडिंगही करून बघा. मोठ्या नेढ्याची बोथट सुई आणि दोन्ही हात पसरल्यावर मावेल एवढाच लोकरीचा तुकडा घ्या. लांब धागा चालत नाही, कारण प्रत्येक फासातून अख्खा धागा ओढून घ्यावा लागतो. दोन सुयांच्या विणकामात गुंड्यातून धागा येतच राहतो. इथे धागा संपतो आणि जोडावा लागतो. जोडायचा कसा? दोन्ही टोकांचा पीळ सोडा, ती एकमेकांवर ठेवा, ओली करा आणि तळहातांत जोरात चोळा. लोकर एकमेकींत गुंतून एक होते, गाठ लागत नाही. 'सुपरवॉश' लिहिलेली लोकर मात्र घेऊ नका, ती अशी गुंतत नाही.

चार ओळी झाल्या की एक फास कात्रीने कापून बघा. स्वेटर असता तर उसवत गेला असता. हे तिथल्या तिथे थांबते. लाल पायमोज्यांचे तंत्र वेगळे आहे म्हणजे काय, ते मला तो फास कापल्यावर खरे समजले.

हात कसे चालतात ते बघायला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतले लघुपट बघा. पेरूमधल्या ताकिले बेटावर पुरुष टोप्या विणतात, बांगलादेशातले विणकर जामदानी विणताना ताण्यात सुट्या धाग्याने नक्षी घालत जातात. निवेदनाचा आवाज बंद करून एकदा फक्त बोटे बघा.

सांगोवांगीपासून सावध

वस्त्रांभोवती गोड गोष्टी फार लवकर जमतात. आयर्लंडच्या अॅरन बेटांवरच्या स्वेटरबद्दल सांगतात की प्रत्येक कुळाची वीण ठरलेली असे आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख त्यावरून पटे. या गोष्टीची पाळेमुळे खणत गेले की आपण १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या एका नाटकाशी येऊन पोचतो. त्यात बुडालेल्या माणसाला त्याच्या पायमोज्यातल्या सुटलेल्या टाक्यांवरून ओळखतात. स्वेटर नाही, कुळाची वीण नाही. आणि तो स्वेटर आजच्या रूपात विसाव्या शतकात आला.

अशी कथा समोर आली की तीनच प्रश्न विचारा: हे सर्वांत आधी कोणी लिहिले, कधी, आणि त्या काळची एखादी वस्तू ते दाखवते का?

टिपणे, हक्क आणि चुकीची नोंद

प्रत्येक वस्तूसाठी एक पान ठेवा: क्रमांक, संग्रहालय, बघितल्याची तारीख, मला काय दिसले, नोंदीत काय लिहिले आहे. शेवटचे दोन मुद्दे वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, एकत्र करू नका. फोटो वापरायचा असेल तर अटी वाचा. 'सीसी झीरो', म्हणजे सगळे हक्क सोडून दिल्याची खूण, असेल तर मोकळीक आहे. काही संग्रहालये फक्त अव्यावसायिक वापराला परवानगी देतात. एखाद्या समाजाची धार्मिक किंवा कुळाची नक्षी असेल तर कायद्याने परवानगी असली तरी ती उचलण्याआधी त्या समाजाचे म्हणणे शोधून वाचा.

तुम्हाला जे दिसते ते आणि नोंद जुळत नसेल तर दबून राहू नका. बहुतेक संग्रहालयांच्या पानावर कळवण्याची सोय असते. क्रमांक, फोटोतला नेमका भाग आणि तुमचा प्रश्न, एवढे लिहून पाठवा. १९१३ मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी इजिप्तमधल्या तरखान इथून मळक्या लिननची एक गाठोडी आणली. ती तशीच पडून राहिली. १९७७ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या वस्त्रसंवर्धकांनी ती साफ करायला घेतली तेव्हा आतून चुण्या घातलेल्या बाह्यांचा एक झगा निघाला. २०१६ मध्ये त्याची कार्बनद्वारे कालनिश्चिती प्रसिद्ध झाली: इ. स. पूर्व ३४८२ ते ३१०२. आज तो लंडनच्या पेट्री संग्रहालयात आहे आणि ऑनलाइन दिसतो. फोटो मोठा करून कोपर आणि काखेपाशी बघा. कोणीतरी तो अंगात घालून वावरल्याच्या चुण्या तिथे अजून आहेत.